कुमकेवर आलेला डावखुरा

क्युबातल्या बायामोच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली खेळाडूंच्या खोल्या आहेत. वर लोक नाचायला लागले की खाली छताचा चुना अंथरुणावर पडतो. ओस्निएलच्या वाट्याला कोपऱ्यातली खोली आली होती, दोन खाटांची, आणि दुसरी खाट रिकामी. ती रिकामी का, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा मालिशवाला तामायो म्हणाला, "कुमकेचा माणूस आज आहे, उद्या नाही. त्याच्याशी संसार कोण मांडतो?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. ओस्निएलही हसला. नव्या माणसाला हसावंच लागतं.

हंगाम मध्यावर आला की तळाचे संघ घरी जातात, आणि वरचे सहा संघ त्या घरी निघालेल्यांतून आपल्याला हवी ती माणसं वेचून घेतात. तीच ही कुमक. काल ज्या संघाच्या नावाने बोटं मोडली त्याचाच सदरा आज अंगात चढतो. ज्याने ही पद्धत काढली त्याने परक्या गावात सहा आठवडे एकट्याने जेवून पाहिलेलं नसावं, नाहीतर त्याने निदान माणसं जोडीजोडीने उचलायचा नियम केला असता.

ओस्निएल बेटावरचा. त्या जागेला लोक नुसतं 'बेट'च म्हणतात, कारण अख्खा क्युबाच बेट असला तरी स्वतःला बेटवाला म्हणवायचा मान तेवढ्याच एका लहानशा तुकड्याला आहे. तिथे पपनसासारख्या ग्रेपफ्रूटच्या बागा आहेत, वाळूचे काळे किनारे आहेत आणि दरवर्षी तळाला राहणारा एक बेसबॉल संघ आहे. बावीस वर्षांचा ओस्निएल त्या संघाचा पहिल्या नंबरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तो डावखुरा. हातात वेग फार नव्हता, पण त्याचा वळणारा चेंडू असा काही खाली बुडायचा की फलंदाज बॅट फिरवून झाल्यावर आपल्याच पायांकडे बघत राहायचा.

तो चेंडू त्याचा एकट्याचा नव्हता. अर्धा एवेलिओचा होता. एवेलिओ म्हणजे संघाचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, वय सदतीस, गुडघे पंचावन्नचे. ओस्निएल अठराव्या वर्षी संघात आला तेव्हा खोलीवाटपात त्याला एवेलिओच्या खोलीत टाकलं, आणि चार हंगाम ते एकाच खोलीत राहिले. बसमध्ये शेजारी, जेवायला समोरासमोर, मैदानावर साठ फुटांवर. संघ हरला की एवेलिओ रात्री खाटेवर पडल्या पडल्या एकेक चेंडू आठवून सांगायचा, 'पाचव्या डावात दुसऱ्याला तू सरळ टाकलास तो का टाकलास?' आणि ओस्निएल उत्तर द्यायच्या आत घोरायला लागायचा. ओस्निएलचा बाप कधीच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. त्यामुळे या घोरण्याला काय म्हणायचं, याचा त्याने कधी विचार केला नाही. ते होतं, एवढं पुरे होतं.

एवेलिओलाच एक गोष्ट दिसली होती, जी आणखी कोणाला दिसली नव्हती. डावखुरा म्हणून ओस्निएलचा झेल घ्यायचा चामडी हातमोजा उजव्या हातात. मोज्याच्या पाठीवरच्या भोकातून तर्जनी बाहेर ठेवायची त्याला लहानपणापासूनची सवय. वळणारा चेंडू टाकायचा असला की मोज्याच्या आत पकड बदलताना ती तर्जनी नखभर वर उठायची. सरळ चेंडूला नाही. फक्त वळणाऱ्याला. कळलं तर कुठलाही फलंदाज आधीच ओळखेल आणि मग त्या चेंडूत राम राहणार नाही. त्यांनी महिनाभर ती सवय मोडायचा प्रयत्न केला. बोट आत घेतलं की चेंडू कुठल्या कुठे जायचा. शेवटी एवेलिओ म्हणाला, "राहू दे. तुझ्या बोटाकडे बघायला मैदानावर कुणाला वेळ आहे? मी एकटाच रिकामटेकडा." ते दोघांत राहिलं.

या वर्षी कुमकेची नावं रेडिओवर वाचली गेली तेव्हा दोघं खोलीतच होते. ओस्निएलला बायामोने पहिल्याच फेरीत उचललं. एवेलिओचं नाव येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तो तर पिशवी भरून बायकोकडे जायला निघाला होता. पण वरच्या सहांतल्या मातान्सास संघाचा कॅचर जायबंदी होता, आणि पाचव्या फेरीत त्यांनी एवेलिओला मागितलं. म्हातारा खाटेवर बसला आणि बराच वेळ दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिला. सोळा हंगामांत तो एकदाही हंगामाच्या मध्यापुढे खेळला नव्हता, आणि हा त्याचा शेवटचा हंगाम होता. हे त्याने आधीच जाहीर करून टाकलं होतं.

बोटीने दोघं बरोबरच समुद्र ओलांडून आले. धक्क्यावर दोन बसगाड्या दोन दिशांना तोंड करून उभ्या होत्या. एवेलिओ म्हणाला, "नीट जेवत जा. तिकडचे लोक भातात मीठ कमी घालतात." एवढंच. मग तो गाडीत चढला.

पहिल्या आठवड्यात ओस्निएलने त्याला तीन फोन केले. एकदाही उचलला नाही. मग एक निरोप आला, 'खांदा गरम ठेव.' त्यानंतर तोही नाही. ओस्निएल रोज संध्याकाळी सरावानंतर फोन उशाशी घेऊन पडायचा. वर कुणीतरी झाडू मारत असायचं, बाहेर घोडागाड्यांच्या टापा वाजायच्या, आणि त्याला आपण बोलत नाही आहोत याची हळूहळू सवय होत होती. बायामोची माणसं वाईट मुळीच नव्हती. तो जिंकला की ढोल वाजवून 'बेटकर! बेटकर!' असा गजर करायची. पण जेवणाच्या टेबलावर पंधरा वर्षांच्या आठवणी निघायच्या, कुणाचं लग्न, कुणाची फजिती, आणि कुठल्या वाक्याला हसायचं ते त्याला कळायचं नाही. तो लवकर जेवून उठू लागला. मग लोकांना वाटलं, पोरगा जरा शिष्ट आहे.

बायामोचा संघ मातान्सासला खेळायला गेला तेव्हा ओस्निएलच्या बोटाला फोड आला होता, म्हणून त्याला मागेच ठेवलं होतं. त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही. पण टप्पा संपता संपता बायामो आणि मातान्सास यांच्या खात्यावर सारखेच विजय जमले. पुढच्या फेरीत जागा एकच. शनिवारी दुपारी बायामोलाच एक जादा सामना ठरला. जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. आणि टाकायची पाळी ओस्निएलची.

मंगळवारी संघाचे प्रमुख पोम्पा त्याच्या खोलीत आले. ते जाडजूड गृहस्थ रिकाम्या खाटेवर बसले तेव्हा ती कुरकुरली.

"काय रे बेटकर, तुझा तो म्हातारा कॅचर तिकडे आहे ना?"

"हो."

"तुझं काय काय ठाऊक आहे त्याला?"

"सगळं."

"हं." पोम्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बोलेल का तो?"

"नाही," ओस्निएल म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

"नाही तर नाही. ओरडतोस कशाला?" पोम्पा उठले. दाराशी थांबून म्हणाले, "सोळा वर्षं तळाला सडलाय तो. शेवटचा हंगाम. मी त्याच्या जागी असतो ना, तर बोललो असतो. खोटं कशाला सांगू?"

ते गेले, पण वाक्य खोलीतच राहिलं. ओस्निएलने फोन उचलून पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. सहा आठवड्यांत त्याने या न उचललेल्या फोनची शंभर कारणं शोधली होती. म्हातारा फोन गाडीत विसरला असेल, बायकोकडे राहिला असेल, थकला असेल. त्या रात्री पहिल्यांदाच त्याला एक नवं कारण सुचलं आणि बाकीची सगळी त्याच्यापुढे फिकी पडली. ज्याला विकायचं असतं त्याच्याशी माणूस बोलत नाही. हे मनात आल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार निघून जातो थोडाच.

शनिवारी दुपारी दोनला ऊन असं होतं की पायऱ्यांवरच्या बायका वर्तमानपत्रं डोक्यावर धरून बसल्या होत्या. शेंगदाण्याच्या पुड्या विकणारा ओरडत होता, ढोलवाले आधीच सुरू झाले होते. सामन्याआधी दोन्ही संघांची पोरं मैदानात येऊन एकमेकांच्या गळ्यात पडतात, ओळखीपाळखी निघतात, घरच्यांची चौकशी होते. ओस्निएल मुद्दाम कडेच्या रेषेजवळ रेंगाळला. एवेलिओ बाहेर आला. मातान्सासचा लाल सदरा त्याला पोटावर घट्ट बसत होता. त्याने ओस्निएलकडे पाहिलं, अगदी सरळ पाहिलं, आणि मान वळवून बाकावर जाऊन बसला. कॅचरचं चिलखतही त्याने घातलेलं नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाच्या अंगावर होतं.

खेळत नाही, तर मग त्याला आणलाय कशाला? बाकावर बसून बघायला. बघून सांगायला.

पहिला फलंदाज आला. बायामोचा कॅचर दायरोन, चोवीस वर्षांचा बडबड्या गडी, त्याने मांड्यांच्या मध्ये एक बोट दाखवलं. सरळ चेंडू. ओस्निएलने टाकला आणि तो डाव्या कुंपणावर आदळला. दुसऱ्याला पुन्हा सरळ. तोही फटकावला. तिसऱ्याला दोन वळणारे टाकले, तो बाद झाला, पण ते ओस्निएलच्या डोक्यात शिरलंच नाही. चौथा फलंदाज बॅट घेऊन उभा राहिला आणि त्याने वळून आपल्या बाकाकडे पाहिलं. त्याच वेळी एवेलिओने टोपीला हात लावला. उन्हातान्हात माणूस टोपीला हात लावतोच. पण पुढचाच चेंडू मैदानाबाहेर गेला. आधीचे दोघं आणि हा, मिळून तीन धावा.

मग ओस्निएलने आपल्या उजव्या तर्जनीकडे पाहिलं. ती आपली बाहेर होती, नेहमीसारखी, काही न केल्यासारखी. त्याला वाटलं की स्टेडियममधले सगळे त्या एका बोटाकडे बघत आहेत.

दुसऱ्या डावात दायरोनने दोन बोटं दाखवली, म्हणजे वळणारा. ओस्निएलने मान हलवली, नाही. पुन्हा दोन. पुन्हा नाही. दायरोन वैतागून धावत त्याच्यापाशी आला.

"काय झालं रे? रुसलास का?"

"सरळच टाकतो आज."

"सरळ? अरे, तुझा सरळ चेंडू माझी आजीसुद्धा मारेल! आणि तिला मोतीबिंदू आहे."

"सरळच टाकणार."

"तुझी मर्जी बाबा. तूच साहेब."

आणि ओस्निएल सरळच टाकत राहिला. आपलं एकच खरं हत्यार त्याने म्यानात घातलं आणि मातान्सासच्या तगड्या गड्यांपुढे नुसत्या मुठीने उभा राहिला. दुसऱ्या डावात आणखी दोन धावा झाल्या. तिसऱ्यात एकही गडी बाद व्हायच्या आत मातान्सासची दोन माणसं बेसवर, धावेच्या वाटेवर, उभी होती. पोम्पा सावकाश चालत आले आणि त्यांनी चेंडूसाठी हात पुढे केला. ढोल थांबले होते. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "बेटकर, बोट पकड आणि घरी जा!" लोक हसले. ते हसणं बाकापर्यंत त्याच्याबरोबर आलं.

संघ सामना आठ विरुद्ध दोन असा हरला. बायामोचा हंगाम संपला.

आत कपाटांपाशी सगळे आपापलं सामान आवरत होते. दायरोन गुडघ्यांचे पट्टे सोडत शेजारी बसला. त्याचा राग उतरला होता, नुसती हळहळ उरली होती.

"एक सांग ना भावा. वळणारा का टाकला नाहीस?"

"ते ओळखत होते."

"कोण ओळखत होते?" दायरोनने मान वर केली. "पहिल्या डावात तू वळणारे टाकलेस दोन. दोन्हींवर त्या बाबाची बॅट हातभर वरून गेली. मी मागे बसलो होतो, मला दिसत नाही का? मार बसला तो सगळा सरळ चेंडूंवर. सगळा!"

ते दोन चेंडू आता ओस्निएलला लख्ख आठवले. फलंदाज आपल्या पायांकडे बघत होता, तेही आठवलं.

तो सदरा न बदलताच बाहेर आला. मागच्या अंगणात मातान्सासची गाडी उभी होती, आत पोरं गाणी म्हणत होती, सीट बडवत होती. गाडीच्या सावलीत एवेलिओ उभा होता. ओस्निएलला पाहताच तो लंगडत, जवळजवळ धावतच आला आणि त्याने त्याला अशी मिठी मारली की त्याच्या पाठीची हाडं वाजली.

"गाढवा! दुखतंय हे सांगायचं नाही का कुणाला? दुखरा हात घेऊन टाकायला उभा राहतोस?"

ओस्निएलला काही कळेना. "काय?"

"कोपर! मला काय खुळा समजतोस? दुसऱ्या डावापासून एकही वळणारा नाही. मी त्या बाकावर बसून तळमळत होतो. म्हटलं, पोराचं कोपर गेलं. उठून यावंसं वाटत होतं, पण येऊ कसा?" त्याने मागे गाडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फोनसुद्धा उचलता आला नाही बघ तुझा. पहिल्या दिवसापासून ही पोरं मला चिडवतात, बायामोच्या पिचरचा धर्मपिता म्हणून. म्हटलं, उद्या मी एखादा चेंडू सोडला तर म्हणतील, याने ठरवून सोडला. आणि तू हरलास तर तुझे लोक म्हणतील, हा ठरवून हरला. दोघांच्याही तोंडाला काळं. त्यापेक्षा नकोच बोलणं."

"तू आज खेळला का नाहीस?" ओस्निएलने विचारलं.

"मीच सांगितलं त्यांना, शनिवारी मला बसवा. बॅट घेऊन तुझ्यासमोर उभा राहिलो तर नजर त्या बोटाकडे जाणारच ना. डोळे काय घरी ठेवून येऊ? त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं गुडघे." तो हसला. "गुडघ्यांचं कारण बरं असतं, कुणी शंका घेत नाही. बरं, ते सोड. हात दाखव."

आता सांगावं. ओस्निएलला आतून हेच वाटत होतं, आता, याच क्षणी सांगून टाकावं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती, आणि सहा आठवड्यांत त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. त्याला ते पाहणं सोडवेना. त्याने डावा हात पुढे केला.

"दुखतंय जरा," तो म्हणाला.

एवेलिओने त्याचं कोपर हातात घेतलं. या हाताची शीर न् शीर त्याला पाठ होती. त्याने अंगठा आतल्या बाजूच्या हाडाखाली रोवला. "इथे?"

"हो."

"आणि इथे?" अंगठा जरा वर सरकला.

"तिथेही."

"खाली बोटांपर्यंत जातं?"

"जातं."

एवेलिओने अंगठा आणखी खोल दाबला, कोपर वाकवलं, मनगट पिळून पाहिलं. स्नायू मऊ होता, लोण्यासारखा सरकत होता. कुठे गाठ नव्हती, कुठे ताठरपणा नव्हता, आणि हात कुठेही दचकला नाही. त्याने पुन्हा सगळं पहिल्यापासून तपासलं, सावकाश, आपलीच चूक होत असावी अशा आशेने. मग त्याची बोटं थांबली. गाडीतलं गाणं चालूच होतं.

"कोपर नाही," तो म्हणाला.

ओस्निएल आपल्याच पायांकडे बघू लागला.

"तुला वाटलं, मी सांगितलं."

ओस्निएलचे कान तापले. त्याला मान वर करता येईना. एवेलिओने अजून हात सोडला नव्हता.

"पहिल्या डावात वाटलं? मार बसल्यावर?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो चौकशी करत होता. मार बसल्यावर वाटलं असेल तर तो समजून घेणार होता, हे ओस्निएलला स्पष्ट दिसत होतं. एक 'हो' पुरला असता. पण या हातांत एकदा खोटं ठेवून झालं होतं, आणि ते किती वेळ टिकलं ते त्याने पाहिलं होतं.

"मंगळवारपासून," तो म्हणाला.

एवेलिओने मान हलवली. मग त्याने ओस्निएलचा हात हळूच सोडून दिला, एखादी वस्तू जागच्या जागी ठेवावी तसा.

"मंगळवारी मी त्यांना गुडघ्यांचं सांगितलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "वाईट वाटलं रे मला. फार वाईट वाटलं."

"एवेलिओ, मी..."

"जा, सदरा बदल. घाम अंगावर वाळवू नकोस."

तो वळला आणि स्टेडियमच्या दाराशी उभ्या असलेल्या तामायोपाशी जाऊन काहीतरी बोलला. मग कठड्याला धरून गाडीच्या पायऱ्या चढला. आत पोरांनी त्याच्या नावाचा गजर केला, कारण सोळा वर्षांनी म्हातारा पुढच्या फेरीत पोचला होता. गाडी हलली. काचेतून त्याची टोपी दिसली, चेहरा दिसला नाही.

ओस्निएल खोलीत येऊन खाटेवर बसला. पाठोपाठ तामायो बर्फाची पिशवी आणि पट्टी घेऊन आला.

"आण इकडे हात. तुझा म्हातारा सांगून गेला. पोराचं कोपर दुखतंय, तरी तोंडातून शब्द काढला नाही, त्याच्यावर कुणी चिडू नका म्हणाला." त्याने बर्फ कोपरावर ठेवला आणि पट्टी आवळली. "असा माणूस पाठीशी असणं म्हणजे नशीब आहे बाबा."

बातमी खोल्याखोल्यांतून फिरली. एकेक जण दारात येऊ लागला. दायरोन आला आणि म्हणाला, "मला काय माहीत रे, मी उगीच आजीला मध्ये आणलं." एकाने कॉफी आणून दिली. ज्यांनी सहा आठवडे त्याला कधी आडनाव विचारलं नव्हतं ते त्या रिकाम्या खाटेवर दाटीवाटीने बसले आणि कुणाचा खांदा कधी गेला होता, कुणी दुखणं लपवून कुठला सामना काढला होता, ते सांगू लागले. या वेळी कुठे हसायचं ते त्याला कळत होतं. सगळ्यांत शेवटी पोम्पा आले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आधी बोलायचं होतंस, पोरा. दुखत असलं तर सांगावं माणसाने."

"चुकलं," ओस्निएल म्हणाला.

बर्फ वितळून पाणी धडधाकट हातावरून बोटांपर्यंत ओघळत आलं होतं. तामायोने ती पिशवी काढली आणि दुसरी बांधली.